जलकुंभीच्या तलावात हवेच्या पंख्याची होडी

"भाऊजी, कूलरचा पंखा लावून द्या ना जी होडीले," साळा म्हणाला. दिवाळी तोंडावर आली होती आणि दुकानात हाताला सवड होती. कामठी रोडवर माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. मार्च ते जून नागपुरात कूलरच्या मोटारींपुढे दुसरं काही सुचत नाही. पावसाळा सरला की शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी येतात, त्याही रोज येत नाहीत. म्हणून होडीच्या कामाला मी हो म्हटलं, पण कूलरच्या पंख्याला नाही म्हटलं. का, ते पुढे सांगतो.

साळ्याची अडचण खरी होती. रामटेक तालुक्यातल्या एका मामा (माजी मालगुजारी) तलावात त्यांची सोसायटी मासे पाळते आणि कडेच्या उथळ पाण्यात शिंगाडा लावते. त्याने कुठूनशी फायबरची जुनी, दोन माणसांची पायडल बोट विकत आणली. पण तलावाचं अर्धं अंग जलकुंभीने, म्हणजे जलपर्णीने, भरलेलं. पन्नास फूट जात नाही तोच पायडलखालचं चाक मुळ्यांनी गच्च भरायचं. मग छातीभर पाण्यात उतरून विळ्याने मुळ्या कापायच्या, वर चढायचं, पुन्हा पन्नास फूट. पाण्यात फिरणारा पंखा लावला असता तरी तेच झालं असतं. शिंगाड्याचा वेल दोरीसारखा शाफ्टला गुंडाळतो आणि एखाद्याचं जाळं अडकलं तर भांडण वेगळंच. हवेतला पंखा पाण्याला शिवतच नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलीत अशा होड्या नेहमीच्याच आहेत. टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलच्या माणसांनी तर १९०५ मध्येच कॅनडात पंख्यावर चालणारा तराफा पाण्यात उतरवला होता.

पण तुमचा तलाव स्वच्छ असेल तर हा खटाटोप करू नका. तेवढ्याच विजेत पाण्यातला पंखा चार-पाचपट ओढ देतो. पाणी जड असतं, त्याला ढकलता येतं. हवा हलकी, तिला खूप ढकलावं तेव्हा होडी थोडी सरकते. हवेचा पंखा परवडतो तो फक्त वनस्पतींनी भरलेल्या किंवा अगदी उथळ पाण्यात.

आता पहिलं काम. मोटार आणायला धावू नका, आधी ओढ मोजा. भाजीवाल्यांकडे असतो तसा लटकवायचा स्प्रिंगचा काटा घ्या. होडीत दोन माणसं आणि दोन पोती माती ठेवा, नाकाला दोरी बांधा, दोरीत काटा अडकवा आणि पाळीवरून (तलावाच्या बांधावरून) चालत ती ओढा. साळ्याची बोट मोकळ्या पाण्यात चालीच्या वेगाने ओढताना काटा चार किलोच्या आसपास होता. विरळ जलकुंभीत तो सहाच्या वर गेला. दाट गालिच्यात बोट थांबलीच, आणि तिथे कुठलाच छोटा पंखा कामाचा नाही. तिथे आधी वाट साफ करावी लागते. म्हणजे विरळ जलकुंभीत जरा हळू चालायचं तर पाच ते सहा किलो ओढ पाहिजे, एवढं हातात आलं. हा आकडा नसताना मोटार घेणारा एक तर दुप्पट पैसे घालवतो, नाही तर पुन्हा बाजारात जातो.

त्याच काट्याला मी दुकानातला कूलरचा १८ इंची पंखा बांधून दाखवला. चाकांच्या फळीवर ठेवला आणि चालू केला. जेमतेम किलोभर ओढ. साळा म्हणाला, "वारा तं एवढा लागून राहिला!" वारा लागतो, कारण अंगाला थंडावा द्यायला थोडी हवा पुरते. शिवाय कूलरची पत्र्याची पाती मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या हिशेबाने केलेली असतात. तीच पाती मोठ्या मोटारीवर ३००० फेऱ्यांनी फिरवली तर रिबिट तुटून पातं बाहेर येईल. हे कोणीही करून पाहू नये.

पंख्याचा नियम सोपा आहे: मोटार तीच ठेवून पंख्याचा व्यास दुप्पट केला आणि फेऱ्या त्याप्रमाणे कमी केल्या, तर ओढ साधारण दीडपट होते. ओढ दुप्पट पाहिजे आणि व्यास तोच ठेवायचा, तर ताकद जवळजवळ तिप्पट लागते. म्हणून मोटार वाढवण्याच्या आधी पातं वाढवा, जागा असेल तितकं. आम्ही २८ इंच व्यासाचं, १० इंच पिचचं, दोन पात्यांचं लाकडी पातं मागवलं. पिच म्हणजे एका फेरीत पातं स्क्रूसारखं जितकं पुढे जाईल तितकं अंतर. होडी हळू चालते, तिला कमी पिच चांगलं. जास्त पिचचं पातं जागच्या जागी हवा नुसती घुसळतं आणि मोटार तापते. ३००० फेऱ्यांच्या आसपास असं पातं किलोवॅटच्या थोडं खाली ताकद खातं आणि सहा किलोच्या घरात ओढ देतं.

एवढी ताकद म्हणजे ई-रिक्षाची मोटार. ४८ व्होल्ट, १००० वॉट, बीएलडीसी, म्हणजे बिनब्रशची डीसी मोटार. नागपुरात ई-रिक्षा इतक्या झाल्या आहेत की मोटार, कंट्रोलर (मोटारीला वीज मापून देणारा डबा), थ्रॉटल (वेगाची मूठ) सगळं एकाच दुकानात मिळतं आणि बिघडलं तर दुरुस्त करणारेही आहेत. यात एकच गोष्ट बघून घ्या. दातेरी शाफ्टवाली मोटार घेऊ नका, चावीची खाच असलेला गोल शाफ्ट घ्या. दातांवर हब, म्हणजे पातं शाफ्टला धरणारा मधला तुकडा, नीट बसवणं हे वेगळंच दुखणं आहे.

हब लेथवाल्याकडून करून घ्या आणि तिथे घाई करू नका. शाफ्ट २० एमएमचा असेल तर भोक २० चंच, हाताने दाबून बसेल इतकं घट्ट. खाचेत चावी (हब शाफ्टवर घसरू न देणारा लोखंडी तुकडा), वर सेट स्क्रू, आणि शाफ्टच्या टोकाला वॉशर लावून बोल्ट. हबची चकती बसवल्यावर तिच्या तोंडावर डायल (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं माप) लावून शाफ्ट हाताने फिरवा. काटा पाच शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर हब परत लेथवर. पातं लाकडी असल्याने त्याच्या पुढे आणि मागे अशी दोन बाजूंनी चकती पाहिजे. नुसतं वॉशर लावून बोल्ट आवळला तर तो लाकडात रुततो.

पातं बसवण्यापूर्वी तोलून घ्या. मधल्या भोकात गुळगुळीत सळई घालून ती दोन सारख्या उंचीच्या ग्लासांवर आडवी ठेवा. जड बाजू खाली जाते. हलक्या पात्याच्या टोकाशी वार्निशचा हात द्या, वाळू द्या, पुन्हा तोला. पातं कुठल्याही कोनात सोडलं तरी जागच्या जागी थांबलं की झालं. आम्हाला तीन हात द्यावे लागले आणि त्यात दोन दिवस गेले. या दोन दिवसांमुळे पुढे फ्रेमचे वेल्डिंग टिकतात, म्हणून ते वाचवू नका. बसवल्यावर दोन्ही टोकं एकाच रेषेत फिरतात का तेही बघा. टोकाजवळ एक काडी रोवा आणि हाताने फिरवा. दोन टोकांत ३ एमएमहून जास्त फरक नको.

पात्याची फुगीर बाजू होडीच्या नाकाकडे आली पाहिजे. चुकून उलटं बसलं तरी पंखा फिरतो, वाराही येतो, पण ओढ निम्मी होते आणि माणूस मोटारीला दोष देत बसतो. मोटारीचा शाफ्ट मागे आणि पातं मोटारीच्या मागे ठेवा. मग पात्याचा जोर हबला मोटारीकडे दाबतो, उपसून काढत नाही. फिरण्याची दिशा उलटी निघाली तर कंट्रोलरच्या लर्निंगच्या, म्हणजे मोटारीची दिशा ठरवणाऱ्या, तारेने ती बदलते.

आता फ्रेम. इतवारीतल्या लोहा ओळीतून एक इंची, १६ गेजचा गोल पाइप आणला. शाफ्टची उंची पंख्यावरून ठरते: पात्याचे १४ इंच, भोवती २ इंच मोकळी जागा, खाली आणखी २ इंच, म्हणजे डेकपासून दीड फूट. चार पाय, आणि पुढच्या बाजूला दोन तिरप्या कैच्या. सहा किलोची ओढ काही मोठी नाही, तेवढ्याने पाइप वाकत नाही. फ्रेमला मारतो तो कंप. मिनिटाला तीन हजार वेळा बारीक हादरा बसला की बिनकैचीच्या सांध्याला आठवड्यात तडा जातो. फ्रेम झाल्यावर मी तिला धरून स्वतः लटकलो, माझं वजन ७४ किलो, आणि सांधे एकेक करून पाहिले. पात्याच्या उलट्या झटक्याने होडी कलंडेल अशी भीती बऱ्याच जणांना असते. हिशेब केला तर हा झटका दहा सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला तीन किलो टांगण्याइतका भरतो. त्याने होडी हलतही नाही.

फायबरला थेट बोल्ट मारू नका. बोटीचं कवच तीन-चार एमएमचं असतं, बोल्टाभोवती ते तारेच्या जाळ्यासारखं फुटत जातं. वर १८ एमएमच्या वॉटरप्रूफ प्लायची पट्टी, खाली अॅल्युमिनियमची पट्टी, मधे फायबर, असं सँडविच करा. स्टेनलेसचे १० एमएम बोल्ट, नायलॉनवाले नट, आणि प्रत्येक भोकात सीलंट. भोक पाडताना वर चिकटपट्टी लावली की कड फुटत नाही. नाकातोंडाला कपडा बांधा; फायबरची भुकटी छातीत गेली तर रात्रभर खोकला सुटत नाही.

जाळीबद्दल मला सावकाश सांगायचं आहे, कारण तिथे माझं चुकलं.

पहिली चाचणी दुकानामागच्या अंगणात घेतली. फ्रेम जमिनीला खुंट्यांनी बांधलेली, मागच्या बाजूला जाळी लावलेली. पुढची जाळी वेल्ड व्हायची होती. मला वाटलं, वारा मागे जातो, धोका मागे. ऑक्टोबरचं ऊन होतं, म्हणून डोक्याला दुपट्टा बांधलेला. त्याचं एक टोक खांद्यावर सुटं. मी पुढच्या बाजूने वाकून कंट्रोलरला हात लावून बघत होतो, किती तापला म्हणून. पंखा निम्म्या वेगात होता. खांद्यावरचं टोक आधी थोडं फडफडलं. मग ते ताणलं गेलं आणि सरळ झालं, जणू कोणी मागून धरलं. पुढच्या क्षणी डोक्यावरून सगळा दुपट्टा निघून गेला. टाळी वाजावी तसा आवाज झाला. पात्याचा एक वीतभर तुकडा टिनाच्या कुंपणाला लागून पडला होता आणि दुपट्टा हबभोवती दोरासारखा पिळला गेला होता. गाठ घट्ट मारलेली असती तर दुपट्ट्याबरोबर मानही गेली असती. बायको दारात उभी होती. ती काही बोलली नाही, आत जाऊन पाणी घेऊन आली.

पंखा जितकी हवा मागे फेकतो तितकी पुढून ओढतो. आणि २८ इंची पात्याचं टोक ३००० फेऱ्यांना ताशी ४०० किलोमीटरने फिरतं. म्हणून जाळी पुढे, मागे आणि भोवती, तिन्हीकडे. एक इंची चौकोनी जाळी घ्या आणि पुढची-मागची पात्यापासून निदान सहा इंच लांब ठेवा, म्हणजे हाताचं बोट आत गेलं तरी पात्यापर्यंत पोहोचत नाही. भोवतीच्या कड्याला पत्र्याची पट्टी द्या. आमच्याकडे बायामाणसं, पोरं, सगळ्यांच्या खांद्यावर दुपट्टा, ओढणी, पदर असतोच. होडीत बसताना ते काढून किंवा शर्टात खोचून बसायचं, केस बांधायचे. जाळी पूर्ण झाल्याशिवाय मोटारीला बॅटरीची तार जोडायचीच नाही, हा नियम मी भिंतीवर लिहून ठेवला आहे.

दुसरं पातं मागवलं, पुन्हा तोललं.

सुकाणूसाठी पंख्याच्या मागे, जाळीच्या बाहेर, दोन उभी पाती लावा. ६ एमएम प्लायची, पंख्याइतकी उंच, सात-आठ इंच रुंद, दोन्ही एकाच दांड्याने जोडलेली. पंख्याचा झोत त्यांच्यावर आदळतो आणि होडीची शेपटी फिरते. इथे एक गोष्ट हाडात भिनवावी लागते: झोत बंद झाला की सुकाणूही बंद. समोर ओंडका दिसला की माणूस घाबरून थ्रॉटल सोडतो आणि मग होडी सरळ त्या ओंडक्याकडेच जाते, कारण वळवायला वारा नाही आणि ब्रेक तर नाहीतच. अशा वेळी आधी सुकाणू पूर्ण फिरवा, थोडा झोत द्या, नाक वळलं की सोडा. साळ्याला हे मोकळ्या पाण्यात मडकी बांधून, त्यांच्यामधून वळवायला लावून शिकवलं. दोन वल्ही होडीत कायम. कंट्रोलरची रिव्हर्सची तार मी बंद करून टाकली. फिरतं पातं एकदम उलटं फिरवलं तर लाकूड आणि हब दोन्हीवर वाईट ताण येतो.

वीजजोडणी माझ्या रोजच्या कामातली, तरी दोन-तीन गोष्टी सांगतो. शिशाच्या चार बॅटऱ्या लावल्या तर शंभर किलो होतात, म्हणजे दीड माणूस. आम्ही ४८ व्होल्ट ३० एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी घेतली, ती पंधरा किलोच्या आसपास आहे. या सगळ्या कामात महाग तीच. पूर्ण जोरात ती तासाभराच्या थोडी वर चालते. पण फेऱ्या सत्तर टक्क्यांवर आणल्या तर ओढ निम्मी होते आणि वीज फक्त एक तृतीयांश लागते. तीच बॅटरी मग तीन तासांच्या वर पुरते. हे साळ्याला पटायला वेळ लागला, आता तो मूठ पूर्ण पिळत नाही. तार ६ स्क्वेअर एमएम तांब्याची, बॅटरीच्या अगदी जवळ ४० अँपिअरचा फ्यूज. एमसीबी लावत असाल तर डीसीचा मागून घ्या. घरातला एसीचा एमसीबी डीसीची ठिणगी नीट तोडेलच असा भरवसा नसतो, आतल्या आत जळू शकतो. किल स्विचची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला, आणि स्विच कंट्रोलरच्या लॉकच्या बारीक तारेत. माणूस पाण्यात पडला की दोरी सुटते आणि पंखा थांबतो. थ्रॉटल सोडल्यावर आपोआप शून्यावर येणाराच हवा.

वजन कुठे बसतं ते पाण्यात बघा. मोटार, फ्रेम, जाळी मिळून मागे बावीस-तेवीस किलो आणि तेही उंचावर. पंखा चालू झाला की ओढ पाण्यापासून अडीच-तीन फूट वर लागते, त्यामुळे नाक खाली दाबलं जातं. हे दोन भार एकमेकांना थोडेफार सावरतात, म्हणून बॅटरी मध्यावर आणि अगदी तळाशी ठेवा, नाकात नको. मग गुडघाभर पाण्यात होडी उभी करून एका काठावर दोन माणसं बसवा. काठ पाण्याला लागायला चार बोटं तरी शिल्लक राहिली पाहिजेत. नाही राहिली तर फ्रेम खाली आणा किंवा दोन्ही बाजूंना बंद पिंप बांधा.

पहिल्या दिवशी होडी पाळीवरच्या बाभळीला दोरीने बांधली, मधे तोच काटा. थ्रॉटल हळूहळू उघडला. चार, पाच, साडेपाच, आणि तिथे काटा थरथरत थांबला. साळा मोठ्याने आकडा वाचत होता. मी मोटारीवर हात ठेवून होतो. दहा मिनिटांनी ती कोमट होती, हात टिकत होता. मग दोरी सोडली. विरळ जलकुंभीत होडी शिरली तेव्हा पानं दोन्हीकडे वाकून तळाखाली गेली आणि मागे पुन्हा उभी राहिली. कुठेच काही अडकलं नाही. शिंगाड्याच्या वाफ्यांमधे मात्र थ्रॉटल बंद करून वल्ह्यानेच जायचं, नाही तर झोताने वेल उलटे पडतात.

लाइफ जॅकेट होडीत ठेवायचं नसतं, अंगावर घालायचं असतं. २०१७ च्या जुलैत वेणा धरणात होडी उलटली आणि नागपूरची तरुण पोरं गेली, ते आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही. साळ्याला पोहता येतं, तरी तो जॅकेट घालतो. दोन माणसांच्या होडीत दोनच बसतात, तिसऱ्याला पाळीवर थांबवतात. आणि होडीला यंत्र लागलं की ती कायद्याने यांत्रिक होडी होते, २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात येते. नोंदणीचं विचारून घ्या आणि तलाव ज्याच्या ताब्यात आहे त्याची लेखी परवानगी काढा. सोसायटीने ठराव केला, मगच मी मोटार विकत घेतली. जंगलखात्याच्या तलावाकडे तर वळूच नका. आवाजही बराच होतो. थंडीत आमच्या तलावांवर पट्टकदंब हंस उतरतात, त्यांच्या बाजूला साळा पंखा नेत नाही.

शेवटचं, लाकडाचं. मे महिन्यात नागपूरची हवा इतकी कोरडी होते की दाराच्या चौकटी वाजतात. पात्याचं लाकूडही आक्रसतं आणि आवळलेले बोल्ट आपोआप ढिले पडतात. पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं आणि चकतीखाली दबतं. म्हणून दर आठवड्याला, आणि ऋतू बदलला की आधी, सहाही बोल्ट समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळायचे. एकदम एकच बोल्ट पूर्ण आवळला तर पातं तिरकं बसतं. पात्याच्या पुढच्या कडेवर बोट फिरवून खाच लागते का बघायचं. खाच असेल तर होडी पाण्यात नाही. १३ नंबरचा पाना साळ्याने सुकाणूच्या दांड्याला तारेने बांधून ठेवला आहे. तो तिथून काढून घरी न्यायचा नाही, असं त्याने पोरांना सांगितलं आहे.